दोष शोधणारी बाई

आमच्या शिलाई कारखान्यात तिला सगळे भिंग म्हणायचे. शर्ट टेबलावर पसरला की ती आधी कॉलर उलटायची, मग बगलेची शिवण, मग काजं. आम्हाला जिथे काही दिसायचं नाही, नेमकं तिथेच तिचं बोट थांबायचं. सुटलेला टाका, जेमतेम दोराभर वाकडी गेलेली शिलाई, बटणामागे लपलेला तेलाचा ठिपका. तिने लाल बाण चिकटवला की शिवणाऱ्या बाया कपाळाला हात लावायच्या. मी तिच्या शेजारच्या टेबलावर सुटे धागे कापते. वयाने मोठी म्हणून सगळ्या मला मावशी म्हणतात, तीही म्हणते. तिच्यावर जे गुदरलं त्यातलं थोडं माझ्यासमोर घडलं. बाकीचं तिनेच तुकड्यातुकड्याने सांगितलं, आणि सांगतानाही मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघायची, ही बाहेर बोलणार तर नाही ना म्हणून.

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा. घरात सासू, थोरले दीर, जाऊ आणि जावेची दोन मुलं. लग्नानंतर चौथ्या वर्षी दिवस गेले तेव्हा तिने तीन वेगवेगळ्या दुकानांतून तीन किट आणली. तिन्हींवर दोन रेषा उमटल्यावरच तिचा विश्वास बसला. तरी आठवा आठवडा लागेपर्यंत तिने घरात अवाक्षर काढलं नाही. सांगितलं त्याच आठवड्यात तिला मुख्य तपासनीस केलं. दोन आनंद एकदम आले. पुढे सगळं बिनसलं ते या योगायोगामुळेच.

मंगळवार होता, अकराचा सुमार. ती बाथरूममधून आली आणि माझ्या कानाशी वाकली.

"मावशी, डाग दिसलाय."

मी समोरच्या शर्टाकडे बघितलं. "कुठल्या पीसवर?"

मग मी मान वर केली, तिचा चेहरा बघितला, आणि कात्री खाली ठेवली.

गाडी करून मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या. सोनोग्राफीच्या पडद्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळाचे ठोके नाहीत, बाई. वाढ साधारण दोन आठवड्यांपूर्वीच थांबलीय. मला फार वाईट वाटतंय."

ती रडेल म्हणून मी हात पुढे केला होता. ती रडली नाही. म्हणाली, "मशीन बरोबर आहे कशावरून?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाई मात्र रागावल्या नाहीत. "दुसरीकडे करून या. तुमच्या जागी असते तर मीही गेले असते. घाई नाही, फक्त रक्तस्राव वाढला तर थांबू नका."

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रात जाऊन आली. तिथेही तेच निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी तीन वाटा सांगितल्या. शरीर आपणहून मोकळं होईपर्यंत वाट बघायची, गोळ्या घ्यायच्या, किंवा पिशवी साफ करून घ्यायची. वाट बघणं तिला जमण्यातलं नव्हतं. तिने पिशवी साफ करून घेतली. रक्तगट निगेटिव्ह म्हणून नंतर एक इंजेक्शन दिलं. पुढच्या खेपेला आईचं रक्त बाळाच्या रक्तावर उलटू नये म्हणून ते द्यावं लागतं. ते कशासाठी हे तिने नर्सला तीनदा विचारलं आणि बाटलीवरची तारीख स्वतः वाचली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "आठ-पंधरा दिवस थोडंथोडं जात राहील. पॅडच वापरा. थांबेपर्यंत नवराबायकोंनी जवळ यायचं नाही. ताप आला, वास यायला लागला, पोटात असह्य दुखलं, किंवा तासाला दोन पॅड भिजायला लागले तर फोन करत बसू नका, सरळ या. आणि एक ऐका. सुरुवातीच्या आठवड्यांत जे गर्भ टिकत नाहीत, त्यातल्या निम्म्याहून जास्तीत जडणघडणीतच चूक झालेली असते. बीज जुळताना गुणसूत्रांची गणती चुकते. ते कुणी करत नाही आणि कुणाला थांबवता येत नाही."

तिने मान हलवली. पण तिच्या डोक्यात दुसराच आकडा अडकला होता. दोन आठवडे.

घरी जाऊन तिने भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि पलंगावर उताणं ठेवलं. दोन आठवड्यांपूर्वी काय काय झालं? सोमवारी शर्टांचा गठ्ठा उचलला. बुधवारी घरात बातमी सांगितली. गुरुवारपासून जाऊ मळमळीवर म्हणून रोज सकाळी कसला तरी काढा देत होती. शुक्रवारी डाग काढायच्या औषधाचा नवीन डबा आला आणि त्याच्या वासाने डोकं धरलं. शनिवारी सासू म्हणाली होती, "एवढ्या लवकर सांगायची काय गरज होती?"

पेन घेऊन तिने प्रत्येक दिवसावर खूण केली.

तिकडे घरातही खुणा चालल्याच होत्या, फक्त कागदावर नव्हत्या. चौथ्या दिवशी तिने पर्स उघडली तर आतल्या कप्प्याची चेन उजवीकडे ओढलेली. ती नेहमी डावीकडे ओढते. बाहेरच्या खोलीत येऊन तिने विचारलं, "आई, माझी पर्स कुणी उघडली?"

सासू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी."

"कशासाठी?"

"गोळ्या बघत होते."

"कसल्या गोळ्या?"

"ते तुलाच माहीत. त्याच आठवड्यात मोठी जागा मिळाली ना तुला? पोटात मूल असताना कोण देतं मोठी जागा? म्हटलं, बघावं तरी."

हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. म्हणाली, "मावशी, मला रागसुद्धा आला नाही. मला वाटलं, हिच्या जागी असते तर मीही पर्सच उघडली असती."

त्या घरात मग कुणी कुणाला नजर देईना. जेवताना तोंडं ताटात. तिने काढ्याला हात लावणं बंद केलं, आणि आठव्या दिवशी ओट्यावरच्या डब्यातली ती तपकिरी पूड कागदात बांधून घेतली. पुडी बांधताना जाऊ दारात येऊन उभी राहिली.

"काय करतेस गं?"

"तपासायला देणार आहे."

जावेला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचे कान लाल झाले. "म्हणजे मी तुला..."

"मी म्हणाले का तसं? तुम्हीच म्हणताय, ताई."

जाऊ पुढे आली. पातेल्यात पाणी ठेवलं, डब्यातली दोन चमचे पूड त्यात टाकली, उकळी आणली, गाळलंसुद्धा नाही. उभ्या उभ्या, फुंकर न घालता, सगळं पिऊन टाकलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते काढ्याच्या कढतपणामुळे की कशामुळे, ते भिंगला कळलं नाही. भांडं खाली ठेवून जाऊ म्हणाली, "सुंठ आहे. आता तुझी पुडी घेऊन जा कुठं जायचं तिथं." आणि त्या दिवसापासून तिने हिच्याशी बोलणं टाकलं.

ही तरीही पुडी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलीच. त्यांनी कागद उघडला, वास घेतला, आणि शिंकल्या. "सुंठ. मळमळीला मी स्वतः आलं सांगते. एवढ्याशा सुंठीने गर्भ पडत नाही, बाई."

माझीही पाळी आली. कामावर परतल्यावर तिसऱ्या दिवशी तिने मला थेट विचारलं, "मावशी, त्या सोमवारी गठ्ठा मला तुम्हीच उचलायला सांगितलात ना?" माझ्या हातातली कात्री थांबली. खरं होतं ते. माझी कंबर धरली होती म्हणून मी म्हटलं होतं, जरा सरकव गं. तेव्हा मला काय ठाऊक तिला दिवस गेलेत! त्या दिवशी मी जेवले नाही. दोन दिवसांनी तीच येऊन म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, नेहमीचं काम, चढणं-उतरणं, थोडं उचलणं यानं होत नाही. तुम्ही सुटलात." हसावं की रडावं कळेना. सुटले, म्हणे!

तिसऱ्या आठवड्यात तिने, का कोण जाणे, दुकानातून आणखी एक किट आणून वापरून बघितलं. दोन रेषा आल्या.

मला तिचा फोन आला तेव्हा मी भाजी बाजारात होते. शब्द एकात एक अडकलेले. "मावशी, त्यांनी जिवंत काढलं. ठोके होते. खोटं बोलल्या त्या." मी होते तशी दवाखान्याच्या दारात पोहोचले, तर ती आधीच आत घुसलेली, आणि टेबलावर आपटलेलं किट दोघींच्या मध्ये पडलेलं.

डॉक्टरीणबाई उठून तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. "ही चूक माझी आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं. गर्भ गेला तरी त्याचं संप्रेरक रक्तात काही आठवडे रेंगाळतं. किट तेवढंच ओळखतं." त्यांनी रक्त तपासलं, पुन्हा सोनोग्राफी केली आणि पडदा तिच्याकडे वळवला. पिशवी रिकामी होती. दोन दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं, तर आकडा उतरलेला. कागद हातात धरून ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली. बाहेरच्या बाकावर माझ्या खांद्याशी तोंड खुपसून, हुंदके देऊन, बाकीचे पेशंट बघत असताना.

पण संशय काही लगेच पाय काढून घेत नाही. आता तो नवऱ्याकडे वळला. दर गुरुवारी तो दुपारी दोन तास गायब. फोन उचलत नाही. विचारलं तर म्हणतो, लिफ्टच्या खड्ड्यात होतो, रेंज नसते. एका गुरुवारी तिने अर्धा दिवस रजा टाकली आणि त्याच्या मागे गेली. तो दोन गल्ल्या ओलांडून, एका टपरीपाशी थांबून, सिगारेट न पेटवताच पुढे निघाला आणि ओळखीच्याच पाटीखाली शिरला. डॉक्टरीणबाईंच्या.

ती दाराबाहेर उभी राहिली. आतून त्याचा आवाज येत होता. "मॅडम, मी दिवसाला एक पाकीट ओढतो. घरातच ओढतो. खरं सांगा, माझ्यामुळे गेलं का?"

"तुम्ही मागच्या गुरुवारीही हेच विचारलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याच्या मागच्याही. तुमच्यामुळेच गेलं, असं मी म्हणू शकत नाही. पण धुराने धोका वाढतो, तिने ओढला तरी आणि शेजारी बसलेल्याने ओढला तरी. सोडता येतंय का बघा. ते तुमच्या हातात आहे."

ती आत गेली नाही. घरी गेली. संध्याकाळी तो आल्यावर म्हणाली, "तू पण कॅलेंडर काढून बसला होतास तर." त्याने बूट काढता काढता नुसती मान डोलावली. कितीतरी आठवड्यांनी त्या दिवशी दोघं एका बाजूला बसून जेवली.

कामावर तिने एक गोष्ट सोडली नाही, आणि तिथे तिचं नाक बरोबर होतं. डाग काढायच्या औषधाच्या डब्यावरचं लेबल खरवडलेलं असायचं. स्टोअरवाला म्हणायचा, ओल्याने निघतं. ओल्याने निघालेल्या कागदाला नखांचे ओरखडे नसतात, एवढं तिला कळत होतं. तिने आख्ख्या लेबलचा डबा मिळवलाच, कुठून ते मला आजही सांगत नाही. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं, बंद जागेत वापरू नये, गरोदर बायकांनी दूर राहावं. डॉक्टरीणबाईंनी वाचून सांगितलं, "तुमचं यानेच गेलं, असं सिद्ध करता येणार नाही. पण असल्या वाफा श्वासात घ्यायच्या नाहीत, कुणीच." ती तो डबा घेऊन सरळ मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिली. तीन आठवडे टोलवाटोलवी झाली. शेवटी डाग काढायचं टेबल खिडकीशी गेलं, हवा बाहेर फेकणारा पंखा लागला, आणि दिवस गेलेल्या बायकांना त्या टेबलापासून लांब ठेवायचं ठरलं.

सात महिन्यांनी पुन्हा दिवस गेले. या वेळी फक्त दोघांना माहीत. सासूला नाही, जावेला नाही, मलाही नाही. त्याआधी दोन महिने ती फॉलिक ॲसिडची गोळी घेत होती. नवऱ्याने सिगारेट सोडून चार महिने झाले होते. चहा एका कपावर आला होता. ती स्वतःच्या हातचंच जेवायची, पाण्याची बाटलीसुद्धा कुलपात. काहीही उचललं नाही. डोळ्यांत तेल घालून स्वतःवर पहारा दिला.

सातव्या आठवड्यात ते गेलं. घरीच, रविवारी सकाळी, आपोआप.

मला सोमवारी कळलं. टेबलावर शर्ट पसरलेला होता आणि तिचे हात दोन्ही बाजूंना नुसते ठेवलेले. "मावशी," ती म्हणाली, "या खेपेला कुणीच नव्हतं. मी कुणालाच जवळ येऊ दिलं नव्हतं."

मी शर्ट तिच्यासमोरून ओढून घेतला आणि तिच्या वाटणीचा गठ्ठा स्वतः तपासला. निम्मे दोष मला दिसले नसणार.

दोनदा झालं म्हणून डॉक्टरीणबाईंनी आता बारकाईने तपासण्या केल्या. साखर, थायरॉईड, रक्त गोठण्याचे दोष, पिशवीचा आकार. रिपोर्ट आले आणि भिंग चक्रावली. सगळं ठीक.

"दोष नाही म्हणजे तुम्हाला सापडला नाही," ती म्हणाली.

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "निम्म्याअधिक जोडप्यांत आम्हाला काही सापडत नाही. पण त्यातल्या बहुतेक बायकांना पुढे मूल होतं, हेही खरं आहे. मी वचन देत नाही. तुम्ही वचनावर विश्वास ठेवणाऱ्या नाहीच. फक्त आकडा सांगते."

हे तिला पटलं. गोड बोलणाऱ्यावर तिचा कधीच विश्वास नव्हता. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सुचवलं, की झोप नीट लागत नाही, कामात लक्ष नाही, असं महिनोन्महिने चाललंय, तर बोलायला कुणीतरी हवं. दवाखान्यातच शनिवारी एक समुपदेशक बाई बसायच्या. पहिल्या खेपेला भिंग त्यांच्यासमोर तासभर गप्प बसून आली. दुसऱ्या खेपेला बोलली. सहाव्या खेपेनंतर भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं ते पान तिने फाडलं आणि जावेच्या खोलीत गेली.

जाऊ कपड्यांच्या घड्या घालत होती. जवळजवळ वर्षभर दोघींत शब्द नव्हता.

"ताई, माझं चुकलं."

"माफी मागायला आलीस, की अजून काही तपासायचंय?"

"दोन्ही," ही म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. "तुम्ही अजून रागावलाय का, तेही बघायचं होतं."

जावेने घडी घातलेला टॉवेल उलगडला आणि परत घातला. "रागावलेय. आणि तुझं दुसरंही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडलेही. तुला दोन्ही ठेवून घ्यावं लागेल." सासू दाराशी उभी होती. दुसऱ्या दिवशी हिची पर्स पलंगावरून पडली तेव्हा तिने ती उचलून, न उघडता, खुंटीला लावली. त्या घरात एवढंही पुष्कळ होतं.

पाळी नियमित आल्यावर, मन थोडं थाऱ्यावर आल्यावर, वर्षभराने तिसऱ्यांदा दिवस राहिले. या खेपेला तिने घरात पाचव्याच आठवड्यात सांगितलं. "गेलं तर निदान लपून रडावं लागणार नाही," म्हणाली. संशय संपला होता, असं म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. ती दर तासाला बाथरूममध्ये जायची. मळमळ एक दिवस कमी झाली तर दवाखान्यात फोन. सोनोग्राफीवाल्याला म्हणायची, आवाज मोठा करा, ठोके मला मोजू दे. विसाव्या आठवड्यापर्यंत तिने एकही झबलं घरात येऊ दिलं नाही. सगळे महिने हात पोटावर, आणि नजर कुठेतरी दूर, कुणी येतंय का बघितल्यासारखी.

मुलगी झाली, अडतिसाव्या आठवड्यात, रडत-ओरडत. नर्सने तिच्या हातात दिली तेव्हा भिंगने तिला उलटी-सुलटी करून बघितली, बोटं मोजली, कानांच्या मागे बघितलं. नवरा म्हणाला, "काय शोधतेस?" म्हणाली, "काही नाही, बघू दे."

आता मुलगी दोन वर्षांची आहे. दिवसा जावेकडे असते, कारण ही कामावर येते. दोघी बोलतात, भाजी काय करायची ते ठरवतात, कधी हसतातही. पण काढ्याचं भांडं धुताना जाऊ अजून गप्प होते, आणि हिला ते कळतं. परवा मी विचारलं, "आता सगळं ठीक ना?" तिने शर्टाची कॉलर उलटली, शिवणीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "बघितल्याशिवाय कसं सांगू, मावशी?"